कुणी सांगायचं

मिरजेत व्हिडिओ गेम बनतात असं सांगितलं की पुण्या-बंगळुरूकडची माणसं आधी हसायची आणि मग विचारायची, "मिरज म्हणजे ते दवाखान्यांचं गाव ना?"

"हो, तेच," शलाका इंगवले म्हणायची. "दवाखाने होते म्हणूनच गेम झाले."

ते खरंच होतं. शलाकाची आई तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स होती. कॉलेज सुटलं की शलाका आईचा डबा घेऊन तिकडे जायची. वॉर्डातल्या मुलांचे हात प्लास्टरमध्ये अडकलेले. मुलं मोबाइलवर खेळायला धडपडायची, एका हाताने जमेना की रडकुंडीला यायची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी शलाकाने त्यांच्यासाठी एका अंगठ्याने खेळता येईल असा गेम लिहिला. एक बेडूक आणि ओळीने डबकी, एवढाच. पण त्यात एक खुबी होती. खेळणारा सारखा चुकायला लागला की पुढचं डबकं किंचित अरुंद व्हायचं, बेडूक पलीकडे पोचायचा. मुलांना वाटायचं, आपल्यालाच जमायला लागलं.

दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने तो गेम पायाच्या अंगठ्याने पुरा केला, आणि सगळा वॉर्ड ऐकेल अशी ओरडली. त्या आठवड्यात शलाकाने कॅम्पसमधून मिळालेली नोकरी नाकारली.

इलियास सतारमेकर तिला दोन वर्षांनी भेटला. नव्या गेमसाठी तारेचा आवाज हवा म्हणून ती सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेली होती. तिथे तिशीतला एक माणूस मांडीवर सतार आडवी घेऊन तिच्या घोडीवरून कानस फिरवत बसला होता. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. तिचा उतार केसभर चुकला तरी जवारी, म्हणजे तारेची गुंज, लागत नाही, आवाज मरतो. इलियास दोनदा कानस फिरवायचा, बोटाने उतार चाचपायचा, तार छेडायचा, पुन्हा दोनदा.

"डोळ्यांनी दिसतं का हे?" शलाकाने विचारलं.

"दिसत नाही मॅडम. हाताला कळतं."

शलाकाने पिशवीतून कंट्रोलर काढला, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "मग माझ्या बेडकाची उडी हाताला कशी लागते, सांगा."

त्याने दहा मिनिटं खेळून पाहिलं. "उडी ठीक आहे. पण जमिनीला टेकतो तेव्हा पोकळ वाटतं. टेकल्यावर क्षणभर थांबवा त्याला. त्याला वजन आहे असं वाटू दे."

तिने तसं केलं. बेडूक जिवंत झाला.

त्यानंतर बावीस वर्षं त्यांनी एकत्र काम केलं. स्टुडिओचं नाव 'पारंबी'. शलाका खेळाची रचना करायची, माणसं जमवायची, प्रकाशकांशी भांडायची. इलियास प्रत्येक गेमचा 'हात' बघायचा. दार ढकलताना बटण किती दाबावं लागावं, घसरताना कंट्रोलर किती थरथरावा, हे तो ठरवायचा. त्याने खेळून "हं" म्हटल्याशिवाय पारंबीचा एकही गेम बाहेर गेला नाही. तो तिला शलाका म्हणायचा, ती त्याला इलियासभाई. दर रविवारी तो अजून गल्लीतल्या दुकानात बसून एखादी तरी घोडी घासायचा. हात विसरायला नको, म्हणायचा.

पारंबीचं नाव जगभर झालं ते २०३३ साली, 'नावाडी' या गेममुळे. त्यात एक नाव घेऊन मोठी नदी उतरत जायचं, वाटेत उतारू घ्यायचे, त्यांच्या गोष्टी ऐकायच्या, धार आली की वल्ही सांभाळायची. त्या गेमच्या पोटात 'सोबत' नावाची प्रणाली होती. ती म्हणजे बेडकाच्या डबक्याचंच शहाणं रूप.

सोबत खेळणाऱ्याचा हात ऐकायची. आपण बटण दाबतो तेव्हा बोट त्यावर किती वेळ टेकतं, दोन दाबांमध्ये किती वेळ जातो, जोर किती पडतो, उजवा अंगठा डाव्याच्या किती मागे राहतो, हे सगळं कंट्रोलर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजू शकतो. दोन माणसांच्या अक्षरासारखी ही लय कधीच एकसारखी नसते. सोबत ती लय शिकून घ्यायची आणि तिच्याप्रमाणे नदी बदलायची. हात दमला की लाट जराशी उशिरा यायची. अंगठा मागे राहिला की वल्हं त्याच्यासाठी तेवढं थांबायचं. म्हणून आठ वर्षांची नात आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकाच नावेत खेळू शकायचे. चार कोटी लोकांनी 'नावाडी' खेळला.

शलाकाचा एकच नियम होता. मदत होतेय हे खेळणाऱ्याला कधीही कळता कामा नये. वॉर्डातल्या मुलांना कळलं असतं, तर ती मुलगी ओरडली असती का?

पाच वर्षं हा नियम कुणाला खटकला नाही. मग एका सकाळी नुपूर बिडकर शलाकाच्या केबिनमध्ये आली. नुपूर स्टुडिओची संख्याशास्त्रज्ञ. वर्षभर ती एका प्रश्नामागे लागली होती. काही खेळणाऱ्यांना सोबत दर महिन्याला थोडी जास्त मदत करत होती. ती कधीच कमी होत नव्हती, आणि नेहमी एकाच हाताच्या बाजूने वाढत होती. माणूस दमतो तेव्हा दोन्ही हात दमतात, आणि झोपून उठला की पूर्ववत होतात. हे तसं नव्हतं.

"संशोधनाला परवानगी दिलेल्या खेळणाऱ्यांना आम्ही तब्येतीबद्दल विचारलं होतं," नुपूर म्हणाली. "ज्यांचा आलेख असा चढतो, त्यांच्यातल्या बहुतेकांना दोन-चार वर्षांत कंपवाताचं निदान झालंय."

शलाका नर्सची मुलगी. तिला फार समजावून सांगावं लागलं नाही. मेंदूच्या आत हालचाल नेमकी करणाऱ्या काही पेशी असतात. कंपवातात त्या एकेक करून विझत जातात. हात डोळ्यांना दिसेल इतका थरथरायला लागतो, तोवर निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. आता आलेली नवी औषधं उरलेल्या पेशी पुष्कळ वर्षं टिकवायची, पण लवकर सुरू केली तर. आणि सुरुवातीला माणसाला स्वतःलाही काही कळत नाही. सोबतला कळत होतं. ती गुपचूप सावरून घेत होती.

"म्हणजे आपण एक चाचणी बनवलीय," शलाका म्हणाली, "आणि तिचा निकाल लपवतोय."

नुपूरने मान हलवली. पण ती उठली नाही. हातातला टॅबलेट तिने शलाकाकडे सरकवला. "तुलनेसाठी मी ऑफिसातली खातीही तपासली. यातलं दुसरं बघा. चौदा महिने झालेत."

दुसऱ्या क्रमांकाचं खातं इलियासचं होतं.

शलाकाने लगेच काही केलं नाही. आलेख चुकला असेल, असं स्वतःला सांगितलं. मग ती इलियासकडे बघायला लागली, आणि एकदा बघायला लागल्यावर सगळंच दिसायला लागलं. चहा पिताना त्याचा उजवा हात खिशात असायचा. फळ्यावरचं अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जायचं. एका रविवारनंतर तो वैतागून म्हणाला, "हल्ली घोडीचा मालच चांगला मिळत नाही. चार-चारदा घासावी लागते, तरी जवारी लागत नाही." मग कंट्रोलर उचलून नावाडीतला सगळ्यात अवघड धबधबा सहज उतरला आणि हसून म्हणाला, "बघ. हात तर साफ आहे माझा."

शलाकाला तिथे बसवेना. ती उठून बाहेर गेली.

आठव्या दिवशी तिने आईला सांगितलं. आई निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. मटार सोलता सोलता तिने सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टर येईपर्यंत आम्ही काही बोलायचं नाही, असा वॉर्डातला नियम," ती म्हणाली. "पण पेशंट आमच्या तोंडाकडेच बघत राहायचा. दिवसभर. आम्ही चादर बदलत असायचो आणि तो आमचं तोंड वाचत असायचा. तू आठ दिवस त्याच्यासमोर हे तोंड घेऊन फिरतेयस?"

"काय करू मग?"

"सांग. पण बसून सांग बाई. उभ्याने सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला शलाकाने चाचणीच्या खोलीत इलियासला बोलावलं आणि त्याच्या शेजारी बसली. "इलियासभाई, तो धबधबा एकदा उतरा. आज मी सोबत बंद करतेय."

"का? काही बिघडलंय?"

"आधी खेळा."

तो खेळला. पहिल्याच वळणावर नाव खडकावर आपटली. तो हसला, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने श्वास रोखून, पुढे वाकून खेळून पाहिलं. उजवं वल्हं दर वेळी उशिरा पडत होतं. सहाव्या खेपेला त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताकडे बघत राहिला.

शलाकाने सगळं सांगितलं. आलेख दाखवला. हे निदान नाही, डॉक्टरांनी तपासायला हवं, आणि आता चांगली औषधं आहेत, हेही सांगितलं.

मग त्याने विचारलं, "किती दिवस झाले?"

"चौदा महिने."

"ते मशीनला. तुला?"

"नऊ दिवस."

"नऊ दिवस." तो उठला. "चौदा महिने हा खेळ माझ्या बोटाला धरून मला पार नेत होता, आणि मी लोकांना सांगत फिरतोय, हात साफ आहे. घोडीला शिव्या देत होतो गं मी. मालाला शिव्या देत होतो. घोडी खरं बोलत होती."

"इलियासभाई, मला कसं सांगावं ते..."

"तुझ्या बेडकाला वजन दिलं मी," तो म्हणाला. "आणि तू मला पोकळ जमिनीवर चालवलंस."

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शलाकाने तीन फोन केले, त्याने उचलले नाहीत. बावीस वर्षांत त्यांच्यात अबोला दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत मिटला होता.

बाराव्या दिवशी त्याची बायको शमीम हिचा फोन आला. "जाऊन आलो डॉक्टरांकडे. तेच आहे म्हणाले. पण एवढ्या लवकर कुणी येत नाही, तुम्ही कसे आलात, म्हणून विचारत होते. गोळ्या सुरू झाल्यात."

"भाभी, ते कसे आहेत?"

"तुमच्यावर चिडलेत. पण दिवसभर तुमचंच चाललंय. शलाकाने असं करायला पाहिजे होतं, शलाकाने तसं करायला पाहिजे होतं. मी म्हटलं, मला काय सांगता, तिलाच जाऊन सांगा की."

या दिवसांत दुसराही प्रश्न दारात उभा होता. नुपूरच्या अंदाजाने चार कोटींत काही हजार माणसांच्या हातांबद्दल सोबतला असंच काही कळलं असणार. शलाकाने बंगळुरूच्या प्रकाशकांना व्हिडिओवर सगळं सांगितलं. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते, आणि तेवढेच घाबरलेले. ते म्हणाले, "मॅडम, लोक दिवसभराचं विसरायला नावेत बसतात. त्यांना उतरवून दवाखान्याच्या दारात सोडलं तर पुन्हा कोण बसेल? मोजणंच थांबवा. आपल्याला माहीत नसलं, म्हणजे सांगण्याचा प्रश्नच नाही."

"पण आपल्याला माहीत झालंय," शलाका म्हणाली.

सांगायचं, हे तिने ठरवलं होतं. कसं सांगायचं, तेच तिला सुचत नव्हतं. नुपूरने एक पत्राचा मसुदा केला होता, अगदी काळजीपूर्वक. शलाकाने तो वाचला आणि कल्पना केली, एखादी बाई स्वयंपाक आटोपून जरा खेळायला बसते आणि पडद्यावर हे पत्र उघडतं. तिने मसुदा मिटवला.

विसाव्या दिवशी इलियास आला. सरळ तिच्या केबिनमध्ये येऊन समोर बसला. उजवा हात खिशात नव्हता, टेबलावर होता.

"राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"माहितीय."

"पण एक गोष्ट कळली. हे मला त्या पडद्याने सांगितलं असतं ना, तर मी कुणावर चिडलो असतो? भिंतीवर? तू सांगितलंस म्हणून तुझ्यावर ओरडलो. घरी जाऊन शमीमपाशी तुझ्या नावाने खडे फोडले. त्यातच दहा दिवस निघाले माझे, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे." तो पुढे झुकला. "यंत्राने सांगू नये शलाका. माणसाने सांगावं. फक्त नऊ दिवस लावू नयेत."

त्या दुपारी दोघांनी मिळून गेमसाठी एक नवा प्रवेश लिहिला. नाव किनाऱ्याला लागते. एक म्हातारी उतारू नावेत बसते आणि खेळणाऱ्याला म्हणते, ही नाव तुझे हात ओळखते, अवघड जागी तुला मदतही करते. तुला मदत नको असेल तर सांग, ती थांबवेल. आणि कधी तुझ्या हातांत काही वेगळं जाणवलं, तर ते तुला कळायला हवं का? हवं असेल तर एक नाव दे. तुझ्या विश्वासातल्या माणसाचं. आम्ही त्याला सांगू, तो तुला सांगेल.

त्या माणसाने आधी होकार द्यायचा. त्याला काय बोलावं, काय बोलू नये, हे एका डॉक्टरबाईंनी तयार केलेलं टिपण मिळणार. "बसून सांगा," ही त्यातली पहिली ओळ शलाकाने घातली. आणि जे "नको" म्हणतील त्यांचं मोजमाप तिथेच पुसलं जाणार.

जे व्हायचं ते झालं. वर्षभरात निम्मे खेळणारे गेले. काहींना मदत होत होती हेच सहन झालं नाही. 'माझे सगळे विजय खोटे होते का?' असं एकाने लिहिलं, आणि शलाका त्या वाक्यापाशी पुष्कळ वेळ बसून राहिली. तिने त्याला स्वतः उत्तर लिहिलं, माफी मागितली. प्रकाशक गेले. साठ जणांच्या पारंबीत तेवीस उरले. स्टुडिओचं मोठं दालन सोडून ते सतारवाल्यांच्या गल्लीतल्या दोन मजल्यांवर आले. ज्या वयात स्टुडिओचे प्रमुख शाखा काढतात, त्या वयात शलाका स्वतः खुर्च्या उचलून जिने चढली.

पण पत्रंही येत होती. एका मुलाने वडिलांना शेतातल्या विहिरीपाशी बसून सांगितलं होतं. दोन मैत्रिणींनी एकमेकींची नावं दिली होती, आणि बातमी दोघींचीही निघाली. आधी रडलो, मग हसलो, आता दोघी एकाच डॉक्टरांकडे जातो, असं त्यांनी लिहिलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ती नुपूरने आणली. "कळायला हवं" म्हणणाऱ्यांत चारांतल्या एकाने नावाची जागा रिकामी सोडली होती. काहींनी तिथे लिहिलं होतं, कुणी नाही. एकाने कुत्र्याचं नाव दिलं होतं.

"यांचं काय करायचं?" नुपूरने विचारलं.

इलियास खिडकीपाशी बसून डाव्या हाताने चहा पीत होता. गोळ्यांनी त्याचं बरं चाललं होतं. रविवारची घोडी त्याने स्वतःहून पुतणीकडे सोपवली होती आणि शेजारी बसून तिला चुका दाखवत होता.

"यांच्यात ज्यांचा आलेख चढतोय, त्यांचे नंबर मला द्या," तो म्हणाला.

"तुम्हाला? इलियासभाई, शेकडो आहेत."

"मग रोज दोन करू. मला दुसरं काय काम आहे? उडीचं वजन आता नुपूरलाही कळतंय."

त्या माणसांना आधी विचारलं गेलं, आमच्यातल्या एकाने फोन केला तर चालेल का? बहुतेकांनी हो म्हटलं. डॉक्टरबाईंनी इलियासची आठ दिवस तयारी करून घेतली. काय वचन द्यायचं नाही, कुठल्या गावात कुठला डॉक्टर, कुणी फारच खचला तर पुढे काय. मग वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत टेबल, खुर्ची आणि फोन ठेवला.

पहिला फोन होता अंबाजोगाईजवळच्या एका गावातल्या भगवंत ठोंबरे यांना. वय सदुसष्ट, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून निवृत्त. बायको वारली होती. मूलबाळ नव्हतं. कुत्र्याचं नाव देणारे ते हेच.

शलाका दाराशी उभी राहिली. फोन टेबलावर ठेवून इलियासने आवाज बाहेर सोडला होता, कारण हल्ली तो कानाशी फार वेळ धरवत नसे. पहिल्या फोनला शलाका ऐकायला जवळ असली तर चालेल का, हे ठोंबऱ्यांना आधीच विचारून घेतलेलं होतं.

"नमस्कार ठोंबरे सर. मी मिरजेहून इलियास सतारमेकर."

"सर नका म्हणू, मी शिपाईच होतो म्हणा की. काचेच्या नळ्या धुवायचो." पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. मग आवाज उतरला. "म्हणजे माझ्या हाताचं काहीतरी आहे."

"आहे. तुम्ही कुठे बसलाय आत्ता?"

"ओट्यावर."

"बसूनच राहा. सांगतो सगळं. आधी माझं सांगू का? मलाही आहे. उजव्या हातात. दोन वर्षं होतील आता."

कुत्रं भुंकल्याचा आवाज आला, कुणीतरी त्याला गप्प केलं.

"तुम्हाला?" ठोंबरे म्हणाले. "मग तुम्ही काय करता?"

"सकाळी गोळ्या घेतो. फिरायला जातो. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, म्हणून बायको घाई करते आणि मी तिच्यावर चिडतो. बाकी सगळं पहिल्यासारखं."

इलियास हळूहळू सांगत गेला. आलेख काय म्हणतो, काय म्हणत नाही. अंबाजोगाईत कुणाला दाखवायचं. मधे मधे तो थांबायचा, ठोंबऱ्यांना बोलू द्यायचा. ठोंबरे बायकोबद्दल बोलले, नळ्यांबद्दल बोलले, गेल्या वर्षी हातून एक कप पडला त्याबद्दल बोलले. तो कप तिचा होता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कुणी नव्हतं. पाऊण तास गेला. इलियासचा उजवा हात टेबलावर बारीक थरथरत होता आणि तो तिकडे बघतही नव्हता.

शलाकाने इतके गेम बनवले होते, हजारो तास माणसांना खेळताना पाहिलं होतं. एका माणसाने दुसऱ्याला इतकं सावकाश धरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि तिथेच उभी राहिली.

"तुम्ही परत फोन कराल का?" शेवटी ठोंबऱ्यांनी विचारलं. "म्हणजे, दाखवून आल्यावर."

"करणारच. मंगळवारी करू?"

"मंगळवारी नको," ठोंबरे म्हणाले. "मंगळवारी आमच्याकडे बाजार असतो. बुधवारी करा."

"बुधवारी करतो," इलियास म्हणाला.